‘का’ विचारू नका, नोंदवही मागा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या चाळींना पाणी पाच दिवसांआड आणि शेजारच्या सोसायट्यांना तीन दिवसांआड का, असा प्रश्न विचारला जातोय. प्रश्न रास्तच आहे, पण माहिती अधिकाराच्या अर्जात ‘का’ लिहिलंत की उत्तर हमखास येतं, ‘कारणमीमांसा हा माहितीचा भाग नाही’. म्हणून कागद मागा: दोन्ही भागांचं मागच्या तीन महिन्यांचं पाणीवाटपाचं वेळापत्रक आणि पाण्याची चावी (व्हॉल्व्ह) सोडल्या-बंद केल्याची नोंदवही. उजनी धरणात पाणी किती आहे हे यात विचारू नका. महाराष्ट्रात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, विषय मिसळले की फक्त पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करा असं सांगू शकतात.

१० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही, कोणी दटावून विचारलं तरी. पोचपावती मात्र शिक्क्यासह घ्याच! ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, आणि इथेच बहुतेक जण थकून सोडून देतात. विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी पाण्याच्या रांगेत बुडते, त्यांच्यासाठी तरी सोडू नका.