18 घनइंचाच्या डब्यात स्मार्ट स्विच बसेना

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी):
बेडरूमच्या पंख्याचा स्विच बदलतेय. ब्रेकर 15 अँपिअरचा, वायर 14 गेजची. निळ्या प्लास्टिकच्या डब्यात 18 घनइंच असं कोरलंय. आत तीन केबल येतात: दोन 14/2 (प्रत्येकीत दोन वायरी आणि अर्थिंग) आणि पंख्याकडे जाणारी एक 14/3 (तीन वायरी आणि अर्थिंग). तिची लाल वायर टोपी घालून नुसती ठेवलेली आहे. नवा स्विच दाबून बसवला तर स्क्रू आवळताना स्विचची धातूची पट्टी वाकते. किती वायर चालतात हे मोजायचं कसं?

उत्तर १:
स्विच जाडा असतो, तारा नीट घडी घालून मागे दाबा. माझ्याकडे बसला.

उत्तर २:
ताई, दाबू नका. मी आयटीआयचा वायरमन. ठाण्यात अकरा वर्षं सगळं हाताच्या अंदाजावर केलं, इथे आल्यावर मोजायला शिकलो. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीत, म्हणजे कोडमध्ये, हे कलम 314.16 मध्ये आहे. 14 गेजच्या प्रत्येक वायरीला 2 घनइंच जागा धरायची, 12 गेजला 2.25. बाहेरून येऊन डब्यात संपणारी किंवा जोडली जाणारी प्रत्येक वायर एक. तुमची लाल वायरसुद्धा मोजा, वापरात नसली तरी जागा खातेच. म्हणजे दोन, दोन आणि तीन मिळून सात. अर्थिंगच्या चारपर्यंत वायरी मिळून एकच, आणि स्विचचे दोन, तो जाडा असो वा बारीक. एकूण दहा, म्हणजे 20 घनइंच. डबा 18 चा. दोन कमी पडतात.

एका घरात असाच कोंबलेला डबा उघडला होता. स्विचच्या पट्टीची कड काळ्या वायरीच्या आवरणात घुसली होती, प्लास्टिक तपकिरी झालं होतं. वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी आधी कागदावर बेरीज करतो.

प्रश्नकर्ती:
आणि डब्यातच कापून घेतलेले छोटे तुकडे?

उत्तर २:
डब्यातच सुरू होऊन डब्यातच संपतात ते मोजायचे नाहीत. वायरनट, म्हणजे वायरी जोडायच्या टोप्या, पण नाहीत. आत लोखंडी क्लॅम्प असेल तर मात्र आणखी एक धरा. ब्रेकर बंद करा, टेस्टरने खात्री करा, डब्याचे खिळे स्टडलगत (भिंतीतल्या उभ्या लाकडालगत) ब्लेडने कापा आणि जुन्या भिंतीत बसणारा दोन गँगचा, म्हणजे दोन स्विचच्या रुंदीचा, डबा लावा. एक गाळा कोऱ्या प्लेटने झाकला की झालं.

प्रश्नकर्ती:
शनिवारी करते. हॉलमधला डबाही उघडला, तिथे 12 गेजच्या वायरी आहेत. तोही मोजायला बसलेय.