श्रद्धा घरातून आली की स्वतःच्या डोक्यातून? आपापले अनुभव

निरंजना
काल आत्याशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "दादाचा कुठे गं विश्वास होता देवावर? आईला वाईट वाटू नये म्हणून करायचा सगळं." आणि गेली पुढे गुडघेदुखीवर. मी मात्र तिथेच अडकले.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझी जी काही श्रद्धा आहे ती त्यांच्याकडून आलेली. संध्याकाळी ते डोळे मिटून उभे राहायचे, मी शेजारी उभी राहून एक डोळा किलकिला करून त्यांच्याकडे बघायचे. चेहरा इतका शांत असायचा की समोर ऐकणारं कुणीतरी आहे याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. आधी त्या चेहऱ्यावर विश्वास बसला, देव मागाहून आला. आणि आता कळतंय की त्यांच्या मनात तेव्हा ऑफिसचे हिशेब चालू असतील!

मग माझ्या श्रद्धेचं काय? जिथून घेतली तिथे ती नव्हतीच म्हणे. तरी आज सकाळी चाचपून पाहिली, तर कमी झालेली नाही. ती माझी स्वतःची की नुसती सवय? तुमचं कसं झालं? घरातून मिळाली, विचार करून मिळवली, की विचार करून सोडली?

खारूताई
बॉम्ब टाकून गुडघ्यांवर जाणं ही सगळ्या आत्यांची खासियत आहे.

अर्धवट
आमच्याकडे उलटं. वडील कडक नास्तिक, घरात देवाचा एक फोटो नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या आत्मचरित्रात (१८७३) आहे की धर्मश्रद्धा टाकून दिलेला नव्हे, तर ती कधी नव्हतीच अशा मोजक्या लोकांपैकी तो एक. त्याच्या वडिलांनीच तसं वाढवलं. वाचलं तेव्हा म्हटलं, अरे हा तर मी!

पण मला हॉस्टेलवर रूममेट भेटला. झोपायच्या आधी तो थोडा वेळ गप्प बसायचा, प्रार्थना करत. मीही बसायला लागलो, आधी टिंगल म्हणून. मग तो नसतानाही. सुट्टीत घरी आलो की पोरं सिगरेट लपवतात तशी मी प्रार्थना लपवायचो. बाथरूममध्ये, नळ सोडून. वडिलांनी प्रश्न विचारायला शिकवलं, पण उत्तर त्यांच्याच बाजूचं यायला हवं, ही अट न बोलता होतीच.

बाकीचं नंतर, मीटिंग आहे.

चष्मीश
मिनेसोटा विद्यापीठात वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यातला धार्मिकतेवरचा निबंध १९९० चा. घरं वेगळी असूनही एकसारख्या जुळ्यांची धर्माकडची ओढ बरीच जुळत होती. माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण निम्मा आनुवंशिक, असं निघालं. (निम्मा म्हणजे 'माझी ५० टक्के श्रद्धा आजोबांची' असं नव्हे. लोक तसंच वाचतात.) नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की लहानपणी घराचा प्रभाव मोठा असतो आणि वय वाढेल तसा ओसरतो. कुठला धर्म, हे मात्र मुख्यतः घरच ठरवतं.

खारूताई
म्हणजे प्रवचनात मला झोप येते ती जनुकांमुळे. सासूबाईंना वाचून दाखवते.

मोरपीस
मी सोडली. आई गेली म्हणून सोडली, असं सगळे म्हणतात. "दुःखात होतं गं असं, येशील परत." आई आजारी पडायच्या कितीतरी आधीपासून, कॉलेजात असल्यापासून मला प्रश्न पडत होते. तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती. ती गेली आणि लपवायचं कारण उरलं नाही, एवढंच.

डार्विनचंही लोक हेच करतात. मुलगी ॲनी १८५१ मध्ये गेली, दहा वर्षांची होती, म्हणून त्याचा विश्वास उडाला, अशी सुटसुटीत गोष्ट. त्याने स्वतः लिहिलंय की अविश्वास फार सावकाश येत गेला, इतका की त्रासही झाला नाही. निदान तो पुरुष होता, त्याच्या विचारांवर पुस्तकं तरी निघाली. बाईने विचार केला हे पटतच नाही कुणाला, दुःख झालं म्हटलं की लगेच पटतं. देव मानणाऱ्याला कुणी विचारतं का, कुठल्या आनंदात मानायला लागलास?

बाळ उठलं. जाते.

निरंजना
मोरपीस, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि तुझं 'लपवायचं कारण उरलं नाही' वाचून एक लक्षात आलं. आजी गेल्यावर बाबांनाही सोडता आलं असतं की. पण ते उभे राहायचेच, मी कॉलेजात जाईपर्यंत मला आठवतंय.

खारूताई
मग आत्याचंच खरं कशावरून? भावाच्या मनातलं बहिणीला काय कळतंय. माझ्या भावाला विचारा, मी आळशी आहे म्हणेल.

चष्मीश
निरंजना, मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये हेच मांडलंय. माणसं बोलण्यापेक्षा, ज्या वागण्यात काहीतरी सोसावं लागतं त्यावर विश्वास ठेवतात. दमून घरी आलेला बाप रोज उभा राहतो, पोरीला एवढं पुरतं. आत काय चाललंय ते दिसतंय कुणाला?

पायवाट
माझ्या आजोबांनी विचार करून धर्म घेतला. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मध्ये २१ वर्षं. वाचन, तुलना, वाद. आजोबा त्या दिवशी तिथे होते. त्यांच्यासाठी ती निवड होती आणि त्या निवडीची किंमत त्यांनी गावात मोजली.

मला मात्र तो धर्म आयता मिळाला. त्रिशरण-पंचशील पाठ झालं तेव्हा अर्थ कळत नव्हता. आजोबांचं बंड माझ्यापर्यंत संस्कार होऊन पोचलं. एकदा म्हणालो, आजोबा, तुम्ही निवडलंत तसं मलाही निवडू द्या. जाम चिडले, बोलेनात. मग काही दिवसांनी स्वतःच आले. "निवड. पण आधी मी वाचलं तेवढं तरी वाच." त्यांचं कपाट माझ्याकडे आहे. अजून वाचतोय, निवडलेलं नाही.

मोरपीस
पायवाट, आजोबा भारीच.

चष्मीश
यावरून लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न स्वतःशी सोडवला आणि मगच ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याचा धर्म घेतला खरा, पण स्वतःच्या हिशेबाने.

बिनधास्त
स्वतंत्र विचार वगैरे कुणाचा नसतो हो. मी नास्तिक झालो तो मित्रांमुळे. त्या ग्रुपमध्ये देव मानणं म्हणजे बावळटपणा. चार वाक्यं पाठ केली, तीच सगळीकडे फेकली. ग्रुप पांगला, वाक्यं राहिली. वर मिल आलाच आहे, तर त्यानेच १८५९ मध्ये लिहिलंय की लंडनमध्ये ज्या कारणांनी माणूस चर्चचा होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये बौद्ध झाला असता. यात नास्तिकही धरा.

पायवाट
असेल. पण पाठ केलेली वाक्यं पुन्हा तपासता येतात ना? तेवढ्यापुरता तरी विचार स्वतःचा.

बिनधास्त
तपासतं कोण! मी तरी नाही.

दोन_दारं
आम्ही नवरा-बायको वेगवेगळ्या धर्मांचे. ठरवलं, मुलीला काहीच शिकवायचं नाही, मोठी झाली की बघेल. तिला पाळणाघरातल्या मावशींनी शिकवलं. आता मांजर आजारी पडलं तरी हात जोडते. नवरा म्हणतो, जागा रिकामी ठेवली की कुणीतरी येऊन बसणारच. मला आधी राग आला होता मावशींचा. पण तिला विचारलं, कुणाला हात जोडतेस? तर म्हणाली, "जो ऐकेल त्याला." हे मावशींनी शिकवलेलं नाही, मी खात्री करून घेतली.

खारूताई
मांजर बरं आहे ना?

दोन_दारं
हो, पडदे फाडतंय.

मोरपीस
अर्धवट, मीटिंग संपली असेल तर सांगा, वडिलांना कळलं का शेवटी?

अर्धवट
कळलं. पाण्याचं बिल जास्त आलं म्हणून चौकशी झाली. पहिला प्रश्न, पुरावा काय? मी म्हटलं, नाही. बोलणं बंद. आता वय झालंय तर मवाळलेत. परवा तपासणीचे रिपोर्ट यायचे होते, मला म्हणाले, "तू तुझं ते कर, मी लॅबला फोन करतो."

चष्मीश
कसे आले रिपोर्ट?

अर्धवट
बाकी ठीक. साखर वाढलीय.

खारूताई
त्यांना जेवणानंतर थोडं चालायला लावा. आमच्या सासऱ्यांना फरक पडला.

अर्धवट
सांगून बघतो. त्याचाही पुरावा मागतील.