मदत हवी आहे : नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापते, हेड उघडावे की नाही?

रेडिंगकर
नमस्कार. माझी माझ्दा एमएक्स-५ तापते आहे. नवा रेडिएटर बसवला, थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) बदलला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नवे भरले, तरी काटा वर चढायचा राहत नाही. गॅरेजवाल्याच्या मते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील, गेले आहे आणि हेड उघडल्याशिवाय त्याला पुढचे काही सांगता येणार नाही. त्यासाठी त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याला जाऊन भिडतो. एमओटी (इथली, ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) महिनाअखेरीस संपते आणि शुक्रवारपर्यंत मला त्याला हो किंवा नाही कळवायचे आहे. इथे जुन्या गाड्यांची कामे स्वतःच्या हाताने करणारी मंडळी आहेत, म्हणून एवढेच विचारतो की हेड उघडू द्यावे की नाही. ‘गाडी विकून टाका’ हा सल्ला कृपया देऊ नये, तो घरात रोज मिळतो.

कातळ
रेडिंगकर, एवढ्या माहितीवर हो म्हणणेही चूक आणि नाही म्हणणेही चूक. गाडी कोणत्या वर्षाची आहे, इंजिन १.६ आहे की १.८, ती उभी असताना तापते की पळताना, कूलंट कमी होते का, आणि रेडिएटरचा पंखा सुरू झालेला तुम्ही स्वतः पाहिला आहे का, हे आधी लिहा. गॅस्केट गेल्याचे गॅरेजने कशावरून ठरवले, तेही सांगा.

पद्मिनीकाका
माझ्या प्रीमियर पद्मिनीला ऐन मे महिन्यात बोरघाटात हाच त्रास व्हायचा. आमच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि पुढे गाडी विकेपर्यंत ती कधी उकळली नाही. तुम्हीही तो काढून टाका आणि निश्चिंत व्हा. नव्या भागांवर पैसे घालणे हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे.

सई_ग्लासगो
काका, हा उपाय पद्मिनीला चालून गेला असेल, पण इथे तो करू नये. या गाडीत इंधन किती द्यायचे हे संगणक कूलंटच्या तापमानावरून ठरवतो. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन पुरेसे गरमच होत नाही, मग संगणक जास्तीचे पेट्रोल ओतत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन नेते आणि झीज वाढते. शिवाय हीटर कोमट राहतो, त्यामुळे जानेवारीत काचेवरचे धुके जात नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर तो बदलायचा असतो, आणि रेडिंगकरांनी तो बदललेला आहे.

रेडिंगकर
गाडी १९९१ची, जपानमधून आयात झालेली युनोस रोडस्टर (एमएक्स-५चे तिकडचे नाव), इंजिन १.६. गेल्या हिवाळ्यात घेतली. तापते म्हणजे काटा मधल्या रेषेच्या बराच वर जातो. गॅरेजवाल्याने तपासणी अशी काही केली नाही, त्याने बॉनेट उघडले, वास घेतला आणि मान हलवली. मला दुसरे मत हवे आहे, प्रश्नपत्रिका नको.

कातळ
प्रश्नपत्रिकेतला मुख्य प्रश्न तुम्ही सोडवलाच नाही, साहेब. तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापत असेल तर संशय पंख्यावर जातो. मोटरवेवर सरळ पळताना तापत असेल तर पंख्याचा फारसा संबंध उरत नाही, कारण त्या वेगाला वाराच पुरेसा असतो. मग रेडिएटरमधून जाणारे पाणी किंवा त्यावरून जाणारी हवा, यांपैकी कुठे अडते आहे ते शोधावे लागते.

नंदू_न्यूजर्सी
मी या विषयावर बोलायलाच हवे. या इंजिनाचे मूळ दुखणे कंपनीतूनच आलेले आहे. हे इंजिन माझ्दाच्या ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतून घेतले. तिथे ते आडवे बसायचे आणि पाणी इंजिनाच्या एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. रोडस्टरमध्ये तेच इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवल्यावर मागे फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधली भिंत) आली, म्हणून पाणी बाहेर पडण्याची जागा पुढे आणली गेली. आता पाणी पुढूनच आत येते आणि पुढूनच बाहेर जाते, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी प्रवाह मंद राहतो. यावर खरा उपाय एकच आहे : थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या बाजूला नेऊन कूलंटचा मार्गच बदलायचा. माझ्या टर्बो बसवलेल्या गाडीत मी हेच केले आहे. त्याच वेळी अ‍ॅल्युमिनियमचा जाड रेडिएटरही बसवून घ्यावा.

कातळ
नंदूभाऊ, तुमची माहिती बरोबर आहे, पण इथे तिची जागा चुकते आहे. मार्ग बदलण्याचा फायदा टर्बो बसवलेल्या किंवा ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला होतो. टर्बो नसलेल्या मूळ इंजिनाच्या असंख्य रोडस्टर गाड्या याच जुन्या मार्गाने तीस-तीस वर्षे न तापता चालल्या आहेत. एखादी गाडी काल ठीक होती आणि आज तापते, याचा अर्थ काल असलेले काहीतरी आज नाही. रचनेतला दोष असा एका हिवाळ्यात उगवत नाही.

नंदू_न्यूजर्सी
रेडिंगकरांची गाडी काल ठीक होती असे त्यांनी कुठे लिहिले आहे? त्यांनी ती गेल्या हिवाळ्यात घेतली. थंडीत न तापलेली गाडी उन्हाळ्यात तापली, तर ती आधी ठीक होती असे होत नाही.

कातळ
हा मुद्दा मान्य. आधीच्या मालकाकडे काय होते हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणूनच हेडपेक्षा आधी गाडीतल्या नसलेल्या वस्तू मोजायला हव्यात.

तटस्थ
तुमचा परतायचा विचार असेल तर एक सांगतो : ही गाडी भारतात आणता येणार नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

रेडिंगकर
तटस्थराव, गाडी भारतात न्यायचा विषयच नाही. ती सध्या माझ्या घरापासून सुपरमार्केटपर्यंत गेली तरी पुरे.
कातळ, गावात काही होत नाही. एम४ मोटरवेवर ताशी सत्तर मैलांनी थोडा वेळ चालवली की काटा हळूहळू चढतो आणि बाहेर पडून वेग कमी केला की खाली येतो. हीटर पूर्ण सोडला तरी उतरतो, पण उन्हाळ्यात छप्पर उघडून हीटर लावून बसणे हा काही मार्ग नव्हे. कूलंट थोडे कमी होते. किती ते मोजलेले नाही. गॅरेजच्या बिलावर तयार मिश्रणाचे चार लिटर लिहिलेले आहेत.

सई_ग्लासगो
या इंजिनात कूलंट सहा लिटर मावते. चारच भरले असेल तर आत हवा अडकली असण्याची शक्यता आहे. गाडीचे नाक चढावर ठेवावे, रेडिएटरचे झाकण काढावे, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहावे. थर्मोस्टॅटला जी लहानशी लोंबती पिन असते ती वरच्या बाजूला आली आहे ना हेही पाहून घ्या. हवा तिथूनच निसटते, आणि घाईत काम करणारे लोक ती खाली करून बसवतात. हे सगळे थंड इंजिनावर सुरू करायचे आहे, गरम असताना झाकणाला हातही लावू नये.

कातळ
सईताई, चार लिटरवरून एवढा निष्कर्ष काढता येत नाही. रेडिएटर काढला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरेचसे जुने कूलंट राहते, त्यामुळे नव्याने चारच बसले तर त्यात नवल नाही. हवा काढून घेणे मात्र योग्यच, त्यात पैसे जात नाहीत.

रेडिंगकर, वेग वाढला की तापते आणि कमी झाला की उतरते, ही या धाग्यातली पहिली उपयोगाची माहिती आहे. पुढील गोष्टी शुक्रवारच्या आत होऊ शकतात. बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेला छोटा काळा डबा आहे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खुणा दिलेल्या असतात. इग्निशन चालू ठेवून टीएफए आणि जीएनडी ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरायला हवा. तो फिरला तर मोटर आणि रिले ठीक आहेत. त्यानंतर इंजिन गरम करून, गाडी उभी ठेवून, पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. त्याचा स्विच पुढे थर्मोस्टॅटच्या घरावर आहे आणि तिथे हवा अडकली असेल तर त्याला खरे तापमान कळतच नाही.

दुसरे म्हणजे, गॅस्केटच्या संशयासाठी ब्लॉक टेस्टचा संच मिळतो. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. ज्वलनातला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा पडतो. हे केल्याशिवाय हेड उघडायला सांगणाऱ्या माणसाच्या हाती मी सायकलही देणार नाही.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : गाडीखाली वाकून पाहा. पुढच्या बंपरपासून इंजिनाखालपर्यंत काळ्या प्लॅस्टिकचा अंडरट्रे आहे का?

मांडवीकाठ
ओबीडीचे (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे) यंत्र लावून मोबाइलवर तापमान का पाहत नाही? दोन मिनिटांचे काम आहे. बाकी तुम्हा लोकांचा हेवा वाटतो. माझ्या काकांकडे सॅन स्टॉर्म आहे, इथे गोव्यातच तयार झालेली, फायबरग्लासच्या बॉडीची. इंजिन रेनॉचे असल्याने त्याचे काही ना काही जमते, पण काच किंवा दाराचे कुलूप हवे असेल तर देव आठवतो. तुमच्या गाडीचा प्रत्येक स्क्रू अजून मिळतो.

सई_ग्लासगो
१९९१च्या गाडीला मोबाइलशी बोलणारा ओबीडीचा सॉकेटच नाही. त्याच डायग्नोसिस डब्यातून दिव्याच्या उघडझापीने दोषाचे क्रमांक वाचावे लागतात, आणि त्यातून तापमान कळत नाही. इन्फ्रारेडचा हातातला थर्मामीटर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजवर (रबरी नळीवर) धरला तर फरक कळतो, आणि काटा खोटे बोलतो आहे का हेही समजते.

एमओटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते : मागच्या चाकांपुढच्या सिलकडे (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीकडे) लक्ष द्या. छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या सीटच्या मागे असतात. त्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंगाला दोन फोड दिसतात, आत बोट जाईल एवढे भोक असते. सीट बेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत असा गंज सापडला तर गाडी नापास होते. हेडवर पैसे घालण्याआधी गाडीच्या अंगात काय शिल्लक आहे ते तपासावे.

पद्मिनीकाका
एवढी शास्त्रे सांगता आहात, पण घाटात गाडी उकळल्यावर आम्ही रेडिएटरवर ओले पोते टाकायचो आणि पुढे निघायचो. थर्मोस्टॅट काढून पाहायला काय हरकत आहे?

नंदू_न्यूजर्सी
१९९१ म्हणजे क्रँकचे नाक (ज्यावर पुढची पुली बसते ते क्रँकशाफ्टचे टोक) आखूड आहे की लांब हेही पाहा. पुढच्या पुलीच्या मध्यभागी बोल्टभोवती चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड नाकात पुली जागेवर धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजून पुली डगमगायला लागते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते. टायमिंग मागे गेले तर इंजिन जास्त तापते, तेव्हा हे विषयांतर नाही. टीईएन आणि जीएनडी जोडून टायमिंगच्या दिव्याने तपासा. खूण १० अंशांवर यायला हवी.

कातळ
या वेळी नंदूभाऊंशी पूर्ण सहमत. टायमिंग तपासणे बिनखर्चाचे आहे आणि ते बिघडलेले असेल तर गाडी वेगातच तापेल.

रेडिंगकर
शनिवार-रविवार यातच गेला. गॅरेजला शुक्रवारी ‘थांबा’ म्हणून कळवले होते.
टीएफए जोडल्यावर पंखा लगेच फिरला, आणि उभ्या गाडीत तो आपोआपही सुरू होतो. ब्लॉक टेस्टचा द्रव निळाच राहिला. शेजाऱ्याच्या गाडीच्या एक्झॉस्टवर धरल्यावर मात्र पिवळा झाला, म्हणजे द्रव चांगला आहे. टायमिंग १० वर आहे. खाचा आठ आहेत. हवा काढताना बरेच बुडबुडे आले आणि जवळपास अर्धा लिटर कूलंट आणखी बसले.
अंडरट्रे नाही. मला तो असतो हेच माहीत नव्हते, कारण गाडी घेतली तेव्हाच तो नव्हता. खाली वाकल्यावर रेडिएटरची खालची कड आणि तेलाचा फिल्टर थेट दिसतात. दोन ठिकाणी तुटलेल्या प्लॅस्टिकचे कान बोल्टला अजून लटकलेले आहेत.

कातळ
तुमच्या दोषाचा मोठा भाग तोच असणार. या गाडीचे तोंड लहान आहे. त्यातून आत आलेल्या हवेला रेडिएटरमधूनच जावे लागावे म्हणून खालची बाजू त्या अंडरट्रेने बंद केलेली असते. तो नसला की हवा सोपी वाट धरते आणि रेडिएटरला वळसा घालून खालून निघून जाते. उलट इंजिनाखाली दाब वाढतो आणि रेडिएटरमागची गरम हवा बाहेर पडायची थांबते. वेग जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा. गावात पंखा हवा ओढून घेतो म्हणून काही जाणवत नाही. तेल बदलताना अंडरट्रे अडचणीचा वाटतो, एक-दोन बोल्ट तुटतात आणि मग कोणीतरी तो परत बसवतच नाही.

रेडिएटरच्या खालच्या होजकडेही लक्ष द्या. पंप पाणी त्यातूनच ओढतो, आणि जुना होज मऊ पडला असेल तर वरच्या आरपीएमला तो आत पिचकतो. उभ्या गाडीत कोणाला तरी थ्रॉटल द्यायला सांगून होजवर नजर ठेवा, हात पंख्यापासून लांब ठेवा.

नंदू_न्यूजर्सी
अंडरट्रे बसवल्यावरही काटा मधल्या रेषेच्या वर राहिला, तर मार्ग बदलण्याबद्दल मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

रेडिंगकर
वापरलेला अंडरट्रे मिळाला आणि काल बसवला. एम४ वर त्याच वेगाने चालवली, काटा मध्याच्या जरासा खाली स्थिर राहिला. खालचा होज पिचकत नाही, पण हाताला स्पंजासारखा लागतो, तो या आठवड्यात बदलतो. कूलंट कमी होण्याचे कारण मागे, हेडच्या पाठीमागच्या हीटरच्या होजवर सापडले : कॅम सेन्सरच्या ओ-रिंगमधून (सील करणाऱ्या रबरी कड्यातून) तेल गळून होज फुगलेला आहे. तिथे हात जात नाही. कोणी इंजिन न उतरवता तो बदलला आहे का?

सई_ग्लासगो
बदलला आहे. कॉइलचा (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) संच आधी काढा, त्याशिवाय पाना फिरायला जागाच मिळत नाही. कॅम सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या आणि हेडच्या कडेवर एकच सरळ रेघ ओरखडून ठेवा, नाहीतर टायमिंग पुन्हा लावावे लागेल. ओ-रिंग बदलायचीच, ती दोन-तीन पौंडांची वस्तू आहे. होज नवा आणि ओ-रिंग जुनी असे केले तर तेच तेल नव्या होजवर पडेल. जुना होज ओढून काढू नका, ब्लेडने उभा चिरून सोलून काढा, म्हणजे खालची नळी वाकणार नाही.