जपानी कुटुंबात होमस्टे: जेवण, आंघोळ, भेटवस्तू

दादरची आई:
मुलगी मेमध्ये ओसाकाला एका जपानी कुटुंबात राहायला जातेय. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंय. पुरेल का? भेट म्हणून हापूस द्यावा असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. शिवाय त्यांच्या आंघोळीची पद्धत कुणी नीट सांगेल का?

निशिगंध:
नाही पुरणार. मांसाचे तुकडे नकोत, एवढाच अर्थ बरेच जण घेतात. खरी अडचण दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्याची. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, गोडसर ऑम्लेट, सगळीकडे ती असते आणि बहुधा सुकवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या किसाची असते. यजमानांना आत्ताच ईमेल करा: मांस, चिकन, मासे, कोळंबी, माशाची दाशी नको, अंडं, दूध, तोफू, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशी चालेल. काय चालतं ते आवर्जून लिहा, नाहीतर रोज काय रांधायचं या विचाराने त्या बाई हैराण होतील. कोम्बू दाशी अगदी सोपी आहे. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवायचा, मग मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत काढायचा. उकळला की रस्सा बुळबुळीत आणि कडवट होतो. तयार करीच्या वड्यांमध्ये बऱ्याचदा बीफची किंवा डुकराची चरबी असते, तेही कळवा.

गिरगावकर:
आंघोळ रात्री. टब अंग धुण्यासाठी नसतोच. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण घालवायचा, केस वर बांधायचे, मग टबात उतरायचं. पाणी 40 ते 42 अंश असतं, पहिल्यांदा चटका बसतो. तेच पाणी घरातले सगळे वापरतात, म्हणून बूच काढायचं नाही आणि बाहेर आल्यावर झाकण परत घालायचं, नाहीतर पुढच्याची पाळी येईपर्यंत पाणी निवतं. डोक्याला खोबरेल तेल असेल तर आधी शांपू. पाण्यावर तवंग आला की सगळ्यांचीच पंचाईत. मासिक पाळीत ‘आज फक्त शॉवर’ एवढं सांगितलं की पुरतं, कुणी खोदून विचारत नाही.
चपला दारातल्या खालच्या भागातच काढायच्या, टोकं बाहेरच्या दिशेला. तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, स्लिपरही नकोत. संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात, त्या तिथेच ठेवून यायचं.

मुलुंडचा वाटाड्या:
हापूस बॅगेतून नेता येणार नाही. फळमाशीमुळे जपानने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती. 2006 पासून तो येऊ देतात, पण गरम वाफेची प्रक्रिया आणि तपासणी झालेलाच. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही विमानतळावर काढून घेतील. त्याऐवजी चिक्की द्या, सुटी वेष्टनं असलेली, म्हणजे घरात वाटता येते. दिवाणखान्यात गेल्यावर पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्यायची.
सर्दीच्या गोळ्यांवरचे घटक वाचा. सुडोएफेड्रीन 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध तिथे नेण्यास मनाई आहे. वीज 100 व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा प्लग. फोनचा चार्जर चालेल, इथला हेअर ड्रायर धड तापणार नाही.

दादरची आई:
चिक्कीत शेंगदाणे असतात. आधी विचारावं का?

मुलुंडचा वाटाड्या:
हो, त्याच ईमेलमध्ये विचारा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर काजूचीही आहे का, हेही विचारून घ्या. दोन्ही नको असतील तर तिळाची चिक्की, पण त्याआधी तिळाचंही विचारा.