सोसायटी ग्रुप: सव्वा लाख खिशातून गेले, त्याची चर्चा

मीनल (ए-४०३), सकाळी ८:०५
नमस्कार. बाबांना काल रात्री घरी आणलं. ज्यांनी फोन केले, डबे पाठवले त्या सगळ्यांचे आभार. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. बिल ३ लाख २० हजार, पॉलिसी ५ लाखांची, आणि तरी आमच्या खिशातून १ लाख २६ हजार २५० गेले. सकाळी ११ ला डिस्चार्ज सांगितला, रात्री ८ ला सोडलं. याला कॅशलेस म्हणायचं?

अलका काकू (ए-२०२), ८:०९
अगं बाई! बाबांची तब्येत कशी आहे आता? वॉकर मिळाला का?

मीनल (ए-४०३), ८:११
हो काकू, मिळाला. प्लेट आणि स्क्रू टाकलेत. सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही.

पाटणकर काका (बी-२०२), ८:१४
७० वर्षांवरील सर्वांनी वय वंदना कार्ड काढून घ्यावे. उत्पन्नाची अट नाही. सरकारतर्फे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. खासगी पॉलिसी असली तरी चालते. आधार पुरेसे आहे.

मीनल (ए-४०३), ८:१५
काका, बाबा ६८ चे आहेत.

देसाई (बी-१०१), ८:२२
मीनलताई, रूम कितीची घेतली होती? तुमच्या पॉलिसीत रोजच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ हजार. पॉलिसी देताना मी हे सांगितलं होतं.

मीनल (ए-४०३), ८:२५
८ हजारांची. ५ हजारांची रिकामी नाही म्हणाले. रात्री साडेअकराला, मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला स्ट्रेचरवर ठेवून मी दुसरं हॉस्पिटल शोधायला जायचं होतं का? वरचे ३ हजार आम्ही भरू, असं समजून सही केली. चार दिवसांचे १२ हजार. सव्वा लाख कुठून आले? आणि देसाईकाका, तुम्ही "सगळीकडे कॅशलेस चालतं" एवढंच सांगितलं होतं. मला नीट आठवतंय.

देसाई (बी-१०१), ८:२७
ग्रुपवर असं बोलणं बरोबर नाही. २२ वर्षं या सोसायटीत आहे मी.

रोहित (सी-५०१), ८:३०
बरं झालं, आमची कंपनीची पॉलिसी आहे. रूमची भानगडच नाही 😎

अलका काकू (ए-२०२), ८:३१
नोकरी आहे तोवर आहे रे बाळा ती. आमच्या ह्यांची निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गेली.

खरे, सचिव (ए-१०१), ८:३३
सर्व सभासदांना विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. आज टँकर ११ नंतर येईल. सी विंगची पाण्याची वर्गणी अद्याप बाकी आहे.

रोहित (सी-५०१), ८:३४
सी विंगला पाणी आलं की वर्गणी येईल खरेकाका 😄

खरे, सचिव (ए-१०१), ८:३५
हे मी मिटिंगमध्ये बोलेन.

सुनंदा सिस्टर (सी-३०२), ८:४१
टँकर नंतर. मीनल, बिलाची फोड आणि कंपनीचं मंजुरीचं पत्र, दोन्हींचे फोटो टाक. नुसत्या बेरजेवरून काही कळत नाही. देसाईसाहेब, तुम्हीही बघा. राग नंतर धरा.

पाटणकर काका (बी-२०२), ८:४३
७० वर्षांवरील सर्वांनी वय वंदना कार्ड काढून घ्यावे. उत्पन्नाची अट नाही.

मीनल (ए-४०३), ८:५२
फोटो नीट येत नाहीत, लिहूनच टाकते. रूम ३२ हजार. सर्जन, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १ लाख ६०. औषधं, प्लेट, एक्सरे, रक्ताच्या तपासण्या मिळून १ लाख १८. हातमोजे, फाइल वगैरे १० हजार, ते विम्यात बसत नाहीत म्हणे. कंपनीने मंजूर केले १ लाख ९३ हजार ७५०.

रोहित (सी-५०१), ९:०४
सरकारने या हॉस्पिटलांचे दरच बांधून द्यायला हवेत. ते राहिलं बाजूला, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही फुकट योजना. टॅक्स आम्ही भरायचा.

सुनंदा सिस्टर (सी-३०२), ९:१०
रोहित, साबणावर आणि तेलावर आपल्याकडे घरकाम करणारी मंगलही कर भरते. आणि राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्यांनाच आहे, तुझ्या आईवडिलांनासुद्धा. ५ लाखांपर्यंत. अडचण वेगळी आहे. योजनेच्या यादीतलं रुग्णालय जवळ असावं लागतं, तिथे खाट मिळावी लागते, आणि आपल्याला ते आधी माहीत असावं लागतं. मोठी खासगी नावं बऱ्याचदा यादीत नसतात, त्यांना पॅकेजचे दर परवडत नाहीत म्हणतात. सरकारी रुग्णालयाचं म्हणशील तर १५ ऑगस्ट २०२३ ला आरोग्य विभागाने केसपेपरपासून सगळं मोफत केलं. मी तेव्हा ड्युटीवर होते. निर्णय चांगलाच होता, लोक आले. पण रात्री ४० खाटांना आम्ही दोघीच होतो, त्या दोघीच राहिलो. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. नाही नेला. विम्याचं कार्ड द्या, जरूर द्या, पण वॉर्डात माणूसही द्या.

अलका काकू (ए-२०२), ९:१२
🙏🙏

रोहित (सी-५०१), ९:१३
सिस्टर, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते. आईबाबांचं माहीत नव्हतं. रुग्णालयांची यादी कुठे मिळेल?

सुनंदा सिस्टर (सी-३०२), ९:१४
१५५३८८ ला फोन कर. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्यालाही विचारता येतं.

देसाई (बी-१०१), ९:३०
मीनलताई, पत्रावरून हिशेब मांडला. रूम ८ ऐवजी ५ हजारांनी धरली, ते नियमाने आहे. रूम महाग की सर्जन, थिएटर, नर्सिंगचे दरही त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून १ लाख ६० चे पाच अष्टमांश, १ लाख धरले. तेही पॉलिसीत आहे. पण कंपनीने औषधं, प्लेट आणि तपासण्यांनाही तीच कात्री लावली आहे. ती लागत नाही. विमा नियामकाने २०२० मध्ये सांगितल्यापासून हे वाक्य पॉलिसीतच छापलेलं असतं, तुमच्या प्रतीतही आहे, आत्ताच बघितलं. रूमचे २०, दुसरे १ लाख, तिसरे पूर्ण १ लाख १८, मिळून २ लाख ३८ हजार यायला हवे होते. म्हणजे ४४ हजार २५० जास्त कापले.

मीनल (ए-४०३), ९:३२
म्हणजे ते परत मिळतील?

देसाई (बी-१०१), ९:३६
मागायचे. आजच कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करू, मी मसुदा देतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. डिस्चार्जचंही लिहा, अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते, २०२४ चा नियम आहे. उशिरामुळे जादा भाडं लागलं असेल तर ते कंपनीने सोसायचं.

देसाई (बी-१०१), ९:३८
आणि रूमची अट मी तेव्हा नीट समजावली नसेल. तेवढं मान्य.

मीनल (ए-४०३), ९:४०
मीही सकाळी जास्त बोलले काका. तीन रात्री झोप नाही.

खरे, सचिव (ए-१०१), ९:४२
देसाईसाहेब, आमच्या पॉलिसीत ही अट आहे का हो? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी गेला म्हणून खूश होतो, तरी प्रीमियम वाढूनच आला. वय ६६.

देसाई (बी-१०१), ९:४४
पॉलिसी घेऊन या, बघू. साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं. किती वाढला ते मांडून बघू.

पाटणकर काका (बी-२०२), ९:४६
७० वर्षांवरील सर्वांनी वय वंदना कार्ड काढून घ्यावे.

रोहित (सी-५०१), ९:४७
काका, चौथ्यांदा 🙏

पाटणकर काका (बी-२०२), ९:५३
तिसऱ्यांदा. सोसायटीत सत्तरीपुढचे ११ जण आहेत, कार्ड दोघांकडेच आहे. मी दारोदार विचारलं आहे. हिच्या ऑपरेशनला मी एफडी मोडली, तेव्हा हे कार्ड नव्हतं. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. आता आहे तर काढा. रविवारी १० ला क्लबहाउसमध्ये बसतो. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा, ओटीपी त्यावरच येतो.

रोहित (सी-५०१), ९:५५
सॉरी काका. लॅपटॉप घेऊन मी येतो.

अलका काकू (ए-२०२), ९:५७
आमच्या ह्यांचा आधारचा नंबर जुन्या फोनचा आहे, तो बंद झालाय. मग?

पाटणकर काका (बी-२०२), ९:५८
आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या वहिनी. उद्या मी चाललोच आहे, त्यांना बरोबर पाठवा.

सुनंदा सिस्टर (सी-३०२), १०:०२
मंगलचं रेशनकार्ड लातूरचं आहे. फुले योजनेसाठी ते इथे चालतं, राज्यात कुठेही. तिच्या नवऱ्याच्या किडनीस्टोनचं दोन महिने अडलंय, ती व्याजाने पैसे काढायला निघाली होती. कोणाकडे काम करतेय आत्ता?

मीनल (ए-४०३), १०:०३
माझ्याकडेच आहे. थांबा, तिला फोन देते.