पहिला व्हायब्रेटर आणि ल्युब: काय बघून घ्यावे, कसे वापरावे, कसे धुवावे?

रानजाई
वय ४७. पाळी अनियमित झाली आहे आणि कोरडेपणा वाढला आहे. आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे की एक चांगले ल्युब (संबंधांच्या वेळी लावायचे वंगण) आणि बाहेरून वापरायचा छोटा व्हायब्रेटर घ्यायचा. एकूण तीन-चार हजारांपर्यंत. घर एकत्र आहे, न्हाणीघर एकच, पाणी बोअरचे, आणि स्वयंपाकघरात काही उकळत ठेवणे शक्य नाही. ऑनलाइन प्रत्येक वस्तूवर 'मेडिकल ग्रेड सिलिकॉन' लिहिलेले असते, त्यातले खरे कसे ओळखायचे? नेमके सांगा: काय तपासायचे, किती वापरायचे, कशाने धुवायचे. थट्टेचे प्रतिसाद कृपया नकोत.

औषधपाणी
रानजाई, आकार, रंग, वेग हे सगळे नंतर. आधी वस्तू कशाची बनलेली आहे ते बघा, कारण ल्युब कोणते चालेल, धुणे किती सोपे आणि वस्तू किती टिकेल हे सगळे त्यावरच ठरते.

शरीराला लागणारा भाग सच्छिद्र नसावा. सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच, स्टेनलेस स्टील आणि एबीएस हे कडक प्लास्टिक, एवढे चार पदार्थ डोळे मिटून घ्यावेत. 'जेली', 'रबर', 'रिअल स्किन', टीपीई, टीपीआर, मऊ पीव्हीसी हे सच्छिद्र असतात. लाकडी पोळपाट कितीही घासला तरी भेगेत पीठ राहते, तसे यांच्या छिद्रांत जंतू राहतात. वरून स्वच्छ दिसतात, पण निर्जंतुक कधीच होत नाहीत. मऊ पीव्हीसीत वरून फ्थॅलेट नावाचे मऊपणा आणणारे रसायन घातलेले असू शकते. मुलांच्या खेळण्यांत युरोप आणि अमेरिकेने त्यातल्या अनेक फ्थॅलेट्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. प्रौढांच्या वस्तू खेळण्यांच्या त्या नियमात येत नाहीत, मात्र युरोपने २०२० पासून चार फ्थॅलेट्सची तीच मर्यादा त्वचेला लागणाऱ्या इतर वस्तूंनाही लावली आहे. २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे या वस्तूंसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आले, पण ते पाळणे ऐच्छिक आहे. एखादा उत्पादक त्याचा उल्लेख करत असेल तर त्याच्या बाजूने एक गुण द्या, इतकेच.

'मेडिकल ग्रेड' या दोन शब्दांवर विसंबू नका, ते कोणीही छापू शकतो. वस्तू हातात आल्यावर हे बघा:
– वास. सिलिकॉनला जवळजवळ वास नसतो. नव्या पडद्यासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र वास आला तर परत करा.
– स्पर्श. सिलिकॉन कोरडे, मखमली लागते. बोटाला तेलकट चिकटपणा आला तर ते टीपीई किंवा पीव्हीसी.
– पांढऱ्या कागदावर दोन-तीन दिवस ठेवा. कागदावर तेलाचा डाग उमटला तर वापरू नका.
– काचेसारखे आरपार आणि लिबलिबीत असेल तर सावध राहा.
काडी पेटवून जाळून बघायची 'चाचणी' फिरत असते. ती करू नका. निकाल खात्रीचा नसतो आणि वस्तू मात्र वाया जाते.

तुम्हाला बाहेरूनच वापरायचा आहे तर अंगठ्याएवढा, सिलिकॉनचे आवरण असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा बुलेट किंवा तळहातात मावणारा चपटा प्रकार बघा. जोड कमीत कमी असलेला घ्या. सिलिकॉन आणि प्लास्टिक जिथे मिळतात त्या खाचेत घाण साठते. पाण्याचा दर्जा आयपीएक्स ७ असावा, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स ४ फक्त शिंतोडे सोसतो, तो नळाखाली धरला की मोटर गेली. आणि सर्वात खालचा वेग खरोखर मंद आहे का, हे परीक्षणांत शोधून वाचा. दहा प्रकारच्या लयींपेक्षा ते महत्त्वाचे.

ओलीमाती
ल्युबबद्दल लिहिते, कारण या वयात खरा फरक तिथे पडतो.

सिलिकॉनच्या वस्तूवर पाण्यावर आधारित ल्युबच वापरावे. सिलिकॉन ल्युबने सिलिकॉनचा पृष्ठभाग काही वेळा फुगतो आणि चिकट होतो, आणि तो पूर्ववत होत नाही.

पण पाण्यावर आधारित सगळी सारखी नसतात. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असले की ल्युब पेशींतले पाणी बाहेर खेचते. पहिली काही मिनिटे छान वाटते, मग आधीपेक्षा जास्त कोरडे आणि चुरचुरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितले की ऑस्मोलॅलिटी (ल्युब पेशींतले पाणी किती खेचते याचे माप) १२०० मिलिऑस्मोल प्रति किलोपेक्षा जास्त नसावी, ३८० च्या खाली असेल तर उत्तम. योनीसाठी पीएच ४.५ च्या आसपास हवा. बाटलीवर हे आकडे क्वचितच असतात, पण चांगले उत्पादक विचारल्यावर कळवतात. आकडे मिळालेच नाहीत तर घटकांची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर दुसरे बघा. 'वॉर्मिंग', 'कूलिंग', सुगंधी, चवीचे ल्युब कोरड्या, नाजूक त्वचेला मुळीच नको. नोनोक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक असलेलेही नको, त्याने आतल्या त्वचेला इजा होते.

प्रमाण: सुरुवातीला अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन मिली. तळहातावर घेऊन कोमट करा, मग अर्धे अंगाला, अर्धे वस्तूला. दहा-पंधरा मिनिटांनी चिकट वाटू लागले तर लगेच आणखी ओतू नका. आधी दोन-चार थेंब पाणी लावा, वाळलेले ल्युब पुन्हा ओले होते.

आणखी एक. ल्युब त्या वेळेपुरते असते. रोजच्या कोरडेपणासाठी वेगळे व्हजायनल मॉइश्चरायझर मिळते, ते आठवड्यातून दोन-तीन वेळा लावतात, संबंध असोत वा नसोत. त्यानेही भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल जरूर विचारा. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना. आणि पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर रक्त दिसले, तर कारण काहीही वाटो, तपासणी लांबवू नका.

तिसरीघंटा
घरचे खोबरेल तेल चालत नाही का? आपल्याकडे बहुतेक जण तेच वापरतात.

ओलीमाती
कंडोम वापरत असाल तर अजिबात नाही. तेलाने लेटेक्स, म्हणजे कंडोमचे रबर, काही मिनिटांत कमकुवत होते. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, लोशन सगळे त्यातच आले. कंडोम नसेल आणि बाहेरच्या त्वचेपुरते असेल तर काहींना चालते, पण वारंवार बुरशीसंसर्ग होत असेल तर टाळा. टीपीईच्या वस्तू तेलाने खराब होतात. सिलिकॉनचे नुकसान होत नाही, पण तेल साध्या पाण्याने निघत नाही, साबणाने दोनदा धुवावे लागते.

तसेच सोनोग्राफीची जेली, अ‍ॅलोव्हेरा जेल आणि बधिर करणारी लिग्नोकेन जेली ही ल्युब नाहीत. दुखणे म्हणजे थांबायची सूचना. बधिर केले की ती सूचनाच मिळत नाही आणि इजा नंतर कळते.

औषधपाणी
आता धुणे. रानजाई, तुमची स्वयंपाकघराची काळजी मिटली असे समजा: मोटर आणि बॅटरी असलेली वस्तू उकळायची नसतेच. उकळणे फक्त मोटर नसलेल्या अखंड सिलिकॉन आणि स्टीलसाठी.

व्हायब्रेटर असा धुवा. वापरून झाल्यावर लगेच, ल्युब वाळायच्या आत. आधी बंद करा आणि चार्जिंगच्या भोकाचे झाकण नीट बसले आहे ना ते बघा. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य लिक्विड सोप, वीस-तीस सेकंद बोटांनी चोळा. जोडाच्या खाचेसाठी वेगळा ठेवलेला मऊ टूथब्रश. मग साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण राहिलेला साबणच पुढच्या वेळी आग करतो. बोअरच्या पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरा थर बसतो, म्हणून लिक्विड, आणि शेवटी पेलाभर फिल्टरचे पाणी. थर बसलाच तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन फडक्याने पुसा, मग धुवा.

डेटॉल, सॅव्हलॉन वापरू नका. त्यांचा अंश नाजूक त्वचेला झोंबतो आणि रोजच्या वापरात त्यांची गरजही नसते.

निर्जंतुक करायची वेळ येते ती संसर्गानंतर. बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत वस्तू बाजूला ठेवा. मग साबणाने धुऊन, साधारण ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १० मिली आणि पाणी ९० मिली असे ताजे मिश्रण करा. त्यात भिजवलेल्या फडक्याने सिलिकॉनचा भाग दहा मिनिटे ओला ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे मिश्रण व्हिनेगर किंवा संडास धुवायच्या अ‍ॅसिडसोबत कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. त्या दिवशी व्हिनेगरला हातच लावू नका. स्टीलवर ब्लीच नको, त्यावर खड्डे पडतात.

मोटर नसलेले सिलिकॉन उकळायचे असेल तर भांड्याच्या तळाशी सुती फडके घाला म्हणजे तळाला टेकणार नाही, पाणी वस्तूच्या वर हवे, आणि खळखळ उकळी आल्यापासून पाच मिनिटे. काच थंड असताना एकदम गरम पाण्यात टाकू नका, तडकते. काच वापरण्याआधी दर वेळी बोट फिरवून टवका आहे का बघा. टवका दिसला की टाकून द्या.

कोकणकडा
आमच्याकडच्या दमट हवेसाठी थोडी भर. अर्धवट ओली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली की पावसाळ्यात चार-पाच दिवसांत बुरशीचे ठिपके येतात, तेही आधी पिशवीवर. धुऊन बिनधाग्याच्या फडक्याने टिपा, तासभर सावलीत उघडे ठेवा, मग सुती थैलीत घाला आणि थैली डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. दोन वस्तू असतील तर वेगवेगळ्या थैल्या. मऊ पीव्हीसीतले तेल शेजारच्या वस्तूवर उतरते. थैलीसुद्धा धुवायची असते, हे बरेच जण विसरतात.

कुलपाचा छोटा कॅश बॉक्स मिळतो. एकत्र घरात तो सगळ्यात बरा, त्यात काय आहे हे कोणी विचारत नाही. वस्तूला 'ट्रॅव्हल लॉक' (बटण चुकून दाबले तरी सुरू न होण्याची सोय) असेल तर तो लावून ठेवा, नाहीतर कपाटात आपोआप सुरू होते. आवाजाची काळजी असेल तर चालू वस्तू लाकडी पलंगावर टेकवू नका. लाकूड थरथरते आणि आवाज भिंतीपलीकडे जातो.

रानजाई
खूपच उपयोगी. वापराबद्दलही सांगाल का? आणि मागवताना कायद्याची अडचण येते का?

ओलीमाती
पहिल्या वेळी सर्वात कमी वेग आणि पातळ सुती कापडावरून. थेट क्लिटोरिसच्या टोकावर नको. बाजूने, वरच्या त्वचेवर ठेवून जागा शोधा. दाब देण्यापेक्षा कोन बदला. बधिरपणा आला तर वेग वाढवायचा नसतो, थांबायचे असते. तो थोड्या वेळात जातो. नवऱ्याच्या हातात देणार असाल तर त्यांच्या मनगटावर तुमचा हात ठेवा, सांगण्यापेक्षा लवकर समजते.

पुढे आत वापरायचे काही घ्यावेसे वाटले तर पहिली जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर व्यासाची असू द्या. जाहिरातीत घेर दिलेला असतो, त्याला ३.१४ ने भागा. आत घालताना दरवेळी अडत असेल किंवा आग होत असेल तर ल्युब वाढवून रेटू नका, ओटीपोटाच्या तळाच्या, योनीभोवतीच्या स्नायूंचा ताण असू शकतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट असतात आणि डायलेटरचा, म्हणजे हळूहळू जाडी वाढवत आत घालायच्या नळ्यांचा, क्रम ठरवून देतात.

औषधपाणी
कायद्याचे थोडक्यात. भारतात या वस्तूंसाठी स्वतंत्र कायदा नाही. अश्लीलतेचे कलम, पूर्वी भादंवि २९२, आता भारतीय न्याय संहितेचे २९४, ते विक्री आणि जाहिरातीच्या बाजूने लागते. म्हणूनच बहुतेक ठिकाणी 'मसाजर' असे नाव दिसते. परदेशातून मागवलेले सीमाशुल्कात अडकू शकते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयात केलेले बॉडी मसाजर निषिद्ध माल ठरवून जप्त करणे चुकीचे ठरवले, तरी तुम्ही भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या. बिल, वॉरंटी आणि बदलून मिळण्याची सोय राहते. साध्या खोक्यात पाठवतात का आणि बिलावर काय नाव येते, हे आधी विचारून घ्या. सील तुटलेले असेल तर खोके उघडायच्या आधी फोटो काढा.

तिसरीघंटा
पुरुषांसाठीच्या रिंगबद्दल आणि गुदद्वारासाठीच्या वस्तूंबद्दल कोणी लिहील का? हा धागा शोधत येणाऱ्यांना लागेल.

औषधपाणी
लिंगाच्या मुळाशी घालायची रिंग ताणता येणाऱ्या सिलिकॉनचीच घ्या, धातूची नको. सूज आली की धातूची निघत नाही. वीस मिनिटे पुरे, तिशीच्या पुढे नाहीच. घालून झोपू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थंड पडणे, निळसर होणे, बधिरपणा यांपैकी काहीही दिसले की लगेच काढा. रिंग काढूनही ताठरता चार तासांपर्यंत उतरली नाही तर तातडीच्या विभागात जा.

गुदद्वारासाठी फक्त तीच वस्तू वापरा जिचा तळ सर्वात जाड भागापेक्षाही रुंद आहे. तिथले स्नायू वस्तू आत ओढतात, आणि योनीसारखा बंद शेवट तिथे नाही. वस्तू आत गेलीच तर जुलाबाचे औषध, एनिमा, चिमटा काही करू नका, सरळ रुग्णालयात जा. सर्जन लोकांना हे नवीन नसते. तिथून योनीकडे तीच वस्तू न्यायची नाही, आतड्यातल्या जिवाणूंनी लघवीचा संसर्ग होतो. न्यायचीच असेल तर वर कंडोम घाला आणि जागा बदलताना तो बदला. दोघे जण एकच वस्तू वापरत असाल तरी हाच नियम. २०१४ मध्ये प्रकाशित झालेल्या एका छोट्या अभ्यासात धुतल्यानंतरही व्हायब्रेटरवर एचपीव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूचा अंश सापडला होता.

कोकणकडा
चार्जिंगचे राहिले. चुंबकाने चिकटणारा चार्जर असेल तर पिना कोरड्या करूनच जोडा. ओलाव्याने त्या हिरवट होतात आणि मग चार्ज होत नाही. मोबाइलचा फास्ट चार्जर नको, साधा ५ व्होल्टचा एक अँपिअरचा पुरे. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा भरा, पूर्ण रिकामी पडून राहिली की मरते. सुट्या सेलवर चालणारी असेल तर सेल काढून ठेवा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर चुंबकाचा चार्जर त्यांच्या छातीपासून निदान वीतभर लांब ठेवा.