ट्राउटवर क्रिस्पर, बडोद्यात बसून जमेल का?

सायली_दांडियाबाजार
नमस्कार, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बडोद्यातच. प्रोजेक्टला रेनबो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचं जीन एडिटिंग घ्यायचंय. आमच्याकडे झेब्राफिशवर क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापून जीन बदलायचं तंत्र) करतात पण तो २८ डिग्रीचा मासा, ट्राउटची अंडी १० च्या आसपास ठेवावी लागतात आणि इथे मे महिन्यात नळालासुद्धा गरम पाणी येतं, त्यात रात्री डिपार्टमेंटचा एसी बंद. तोच प्रोटोकॉल थंडीत चालतो का? सर म्हणतात विषय बदल, मला नाही बदलायचा.

हिमालयवाला
अजिबात बदलू नकोस, फक्त मासा बडोद्यात आणायचा विचार सोड. क्रिस्परमध्ये डीएनए कापायला आपण वापरतो ते कॅस-९ प्रोटीन माणसाच्या घशात राहणाऱ्या बॅक्टेरियाचं, त्याला ३७ डिग्रीची सवय, थंडीत ते मंदावतं पण कापतं, कॅस-१२ए हे तसंच दुसरं प्रोटीन तर थंडीत आणखी सुस्त. ट्राउटचं अंडं पहिल्यांदा विभागायला कित्येक तास घेतं, झेब्राफिशमध्ये जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यामुळे इंजेक्शनला वेळ भरपूर. त्रास कवचाचा. पाण्यात पडलं की इतकं टणक होतं की काचेची सुई टोकाला मोडते, म्हणून ग्लुटाथायोन हे रसायन घातलेल्या पाण्यात ठेवतात, कवच मऊ राहतं. पण तू पेशींवर कर. आरटीजी-२ ही ट्राउटचीच सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) आहे, १९६२ पासूनची, २० डिग्रीला मजेत वाढते, कूलिंगवाला इन्क्युबेटर असला की झालं. कॅस-९ प्रोटीन आणि कुठे कापायचं ते दाखवणारा गाइड आरएनए आधी जोडून इलेक्ट्रोपोरेशन कर, म्हणजे विजेच्या झटक्याने ते पेशीत घाल, मग थोड्या पेशी १२ ला, थोड्या १६ ला, थोड्या २० ला ठेवून कुठे किती कापलं गेलं ते सिक्वेन्सिंगने (डीएनएची अक्षरं वाचून) बघ. थंडीत चालणारं टूल असंच तयार होतं.

रावपुऱ्याचे_काका
बेटा, विषय छान आहे. पण उद्या असा मासा कुमाऊंच्या नदीत सुटला तर तिथल्या असेला न् महाशीर या माशांचं काय? त्याचा विचार आधी हवा.

हिमालयवाला
काका, रास्त बोललात. म्हणूनच नॉर्वेत २०१६ साली सामन (सॅल्मन) माशातला डीएनडी जीन बंद केला, त्या माशांत बीजपेशीच तयार होत नाहीत, सुटला तरी प्रजा नाही. सोबत रंगाचा जीनही बंद केला होता, पांढरट पिल्लू दिसलं की एडिट लागलं हे डोळ्यांनीच कळतं. आणि आपल्याकडे जीएमच्या कडक नियमांतून २०२२ साली मिळालेली सूट काही एडिटेड पिकांपुरती आहे, माशांना नाही, पेशींवर काम करतानासुद्धा कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी काढूनच सुरू कर.

प्राजक्ता_जीनोम
सायली, एक गोष्ट हमखास राहून जाते. सामन-ट्राउटच्या पूर्वजांचा अख्खा जीनोम (सगळा डीएनए) ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला, त्यामुळे पुष्कळ जीन्सच्या दोन-दोन कॉप्या आहेत. एक बंद केली तरी दुसरी काम भागवते आणि आपल्याला वाटतं एडिटच फसला. दोन्ही कॉप्यांचा सिक्वेन्स शेजारी ठेव, जिथे तंतोतंत जुळतात तिथेच गाइड बसव.

सायली_दांडियाबाजार
खूप आभार दादा, ताई, काका! रंगाचाच जीन घेते, कॉप्या आज रात्रीच शोधायला बसते. बडोदा-अहमदाबादकडे कोणाच्या लॅबमध्ये आरटीजी-२ असेल तर प्लीज कळवा, सरांकडून रीतसर पत्र आणते.